मुरलेला मॉव्ह: राखाडी-जांभळा रंग घरात आणि कागदावर कसा वापरावा

आगळाच्या गडद लालजांभळ्या रंगात नारळाचं दूध पडलं की सोलकढीला जो रंग येतो, त्यात चिमूटभर राख मिसळल्याची कल्पना करा. मॉव्ह साधारण तिथेच कुठेतरी असतो. साडीच्या दुकानात त्याला कुणी ‘ओनियन’ म्हणतं, कुणी ‘अंजिरी’. रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डावर त्याची दहा-बारा इंग्रजी नावं असतात आणि त्यातली निम्मी एकमेकांसारखीच दिसतात.

मी हा रंग पहिल्यांदा लावला तो स्वतःच्याच घरात. दुकानात कार्डावर पाहिला तेव्हा कोमेजत आलेल्या ताम्हणाच्या फुलासारखा वाटला होता. रंगाऱ्याने दोन हात मारले, भिंत वाळली आणि शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, ‘‘प्लास्टर अजून ओलंच दिसतंय गं, रंग कधी लावणार?’’ डबा बरोबर होता, कोड बरोबर होता, रंगारीही चांगला होता. पण खोलीची खिडकी उत्तरेला, छताला निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी आणि खाली हिरवट कोटा फरशी. तिघांनी मिळून त्या रंगातला लाल अंश खाऊन टाकला, आणि उरलं ते ओलं सिमेंट.

तेव्हापासून माझी कामाची पद्धतच उलटी झाली. लाल, पिवळा, पांढरा हे रंग आधी निवडून मग घर त्याभोवती सजवता येतं. मॉव्हच्या बाबतीत आधी घर वाचायचं आणि शेड अगदी शेवटी निवडायची. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी थोडं या रंगाविषयी

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायची खटपट करत होता. हिवतापावर तेव्हा सिंकोनाच्या सालीपासून मिळणारं क्विनाइन हेच औषध होतं. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या अॅनिलीनवर प्रयोग करताना क्विनाइन काही मिळालं नाही, काळा गाळ मिळाला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग उतरला आणि रेशमावर चांगला बसला. हा पहिला मोठा कृत्रिम कापडरंग. फ्रेंच भाषेत मॅलो नावाच्या जांभळट फुलाला मॉव्ह म्हणतात, त्यावरून त्याचं नाव रूढ झालं. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात मॉव्ह रंगाचा पोशाख घालून आली. पुढच्याच वर्षी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने या लाटेला मॉव्हची गोवर म्हणून हिणवलं.

गंमत अशी, की पर्किनचा मॉव्ह चांगला ठसठशीत जांभळा होता. त्यात रंगवलेली कापडं काळाने विटत गेली. आज आपण मॉव्ह म्हणून जो मंद, मळकट रंग ओळखतो, तो बराचसा त्या विटलेल्या कापडांचा रंग आहे, असं म्हणतात. म्हणजे फिकेपणा हा या रंगाचा दोष समजू नका, ती त्याची ओळखच आहे. अर्थात विटलेला दिसणं वेगळं आणि खरोखर विटणं वेगळं. त्याचा प्रश्न कापडाच्या वेळी येईलच.

पायरी १: दिवे ठरवा

रंगाच्या दुकानात जाण्याआधी विजेच्या दुकानात जा. मॉव्हमध्ये वर्णपटाच्या दोन्ही टोकांचे रंग असतात, लालही आणि निळाही. उजेडात ज्या टोकाचा भाग जास्त, त्या बाजूला हा रंग झुकतो. पांढरा किंवा पिवळा रंगही झुकतो, पण इतका नाही.

दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळट. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे ‘कूल डेलाइट’ दिवे असतात. खोकी वाचली तर कळेल. त्या उजेडात मॉव्ह निळसर राखाडी दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या ‘वॉर्म व्हाइट’ दिव्याखाली तोच रंग गुलाबी-तपकिरी होतो, थोडासा अंजिराच्या गरासारखा. ४००० केल्विनचा मधला उजेड बैठकीच्या खोलीला मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. अभ्यासाला, भाजी निवडायला पुरेसा लख्ख, आणि भिंतीचा जीवही घेत नाही.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप. १०० म्हणजे उत्तम. स्वस्त एलईडी ८०च्या आसपास असतात आणि त्यांच्या उजेडात गडद लाल भाग कमी पडतो. मॉव्हसाठी हे घातक, कारण त्यातली ऊब त्याच लालातून येते. निदान ज्या भिंतीला हा रंग लावणार तिच्यावर पडणारे दिवे ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचे घ्या. घरात सगळीकडे महाग दिवे लावण्याची गरज नाही.

एका खोलीत दोन जातींचे दिवे लावू नका. अर्धी भिंत गुलाबी आणि अर्धी राखाडी दिसेल, आणि तुम्ही रंगाऱ्याशी भांडाल.

पायरी २: जे बदलणार नाही ते वाचा

फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, दारांच्या चौकटी, सागवानी कपाट, सोफा. यातलं जे पुढची पाच-दहा वर्षं हलणार नाही त्याचे फोटो काढू नका, फोटो रंगाच्या बाबतीत हमखास खोटं बोलतात. त्या वस्तूंचे तुकडे गोळा करा. उरलेली फरशी माळ्यावर पडलेली असते, लॅमिनेटचा तुकडा सुताराकडे मिळतो, सोफ्याच्या आतल्या शिवणीतून कापडाची चिंधी निघते.

इथे एक बारकावा आहे आणि तो कळायला मला बराच वेळ लागला. हिरवा रंग मॉव्हच्या शेजारी असला तर मॉव्ह जास्त गुलाबी, जास्त जिवंत दिसतो. हिरवा उजेड मॉव्हच्या अंगावर पडला तर मात्र तो मरतो. मनीप्लांटची कुंडी भिंतीशी ठेवली की शेजार होतो. खिडकीबाहेर दाट आंबा असेल आणि दिवसभर त्याच्या पानांतून गाळून आलेला उजेड आत येत असेल, किंवा कोटा फरशी उन्हाने उजळून भिंतीवर हिरवट झाक टाकत असेल, तर तो अंगावर पडणारा हिरवा. पहिला हवा, दुसरा टाळा. टाळता येत नसेल तर शेड निवडताना लालाकडे दोन पावलं जास्त जा.

शेजाराचा हा परिणाम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने १८३९ मध्ये ग्रंथरूपात मांडला. तो पॅरिसच्या गोबलॅं या कापडकारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता आणि काळा धागा नीट काळा दिसत नाही अशा तक्रारी त्याच्याकडे येत. त्याला आढळलं, की धागा चांगला रंगलेला आहे, शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका भासतो. आपले विणकर हेच उलट्या बाजूने वापरत आले आहेत. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. लाल आणि करड्या-निळ्याची अशी वीण लांबून पाहा, मॉव्हच दिसेल, आणि त्यात मॉव्ह रंगाचा एकही धागा नसेल.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगते. जुनं, गडद झालेलं सागवान मॉव्हसोबत सुरेख दिसतं. नारिंगी चकचकीत लॅमिनेट मात्र दिसत नाही, दोघंही एकमेकांना स्वस्त दाखवतात. क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स पिवळट असतील तर निळसर मॉव्ह त्यांच्यावर आजारी दिसतो.

पायरी ३: राखाडीचा कल ओळखा

आता शेडकार्ड हातात घ्या. सगळे मंद मॉव्ह मुळात राखाडी असतात. तुम्ही निवडता ती त्या राखाडीची झुकण्याची दिशा. मी कामापुरती तीन घराणी मानते.

अंजिरी घराणं लालाकडे झुकतं. उत्तरेच्या खोल्या, अंधारे पॅसेज, तळमजल्यावरची घरं यांना हेच चालतं. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला हे खुलवतं, म्हणून आरशाच्या भिंतीलाही हेच. निळसर मॉव्हसमोर उभं राहिलं की चेहरा पिवळा पडल्यासारखा दिसतो.

कारवी घराणं निळ्याकडे झुकतं. सह्याद्रीत दर सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा उतार लांबून दिसतो तसा. दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत हे छान थंडावा देतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते आपोआप गुलाबी होतं, तो फुकटचा खेळ बघण्यासारखा असतो.

आमसुली घराणं तपकिरीकडे झुकतं, वाळलेल्या कोकमाच्या सालीत पांढरं मिसळावं तसं. लाकूड जास्त असलेल्या जुन्या वाड्यांना, कोकणातल्या लाल मातीच्या परिसरातल्या घरांना हे शोभतं. नवशिक्याने इथून सुरुवात करावी. यात चुकायला जागा कमी असते.

कल ओळखायची सोपी युक्ती: कार्डावरची शेड पांढऱ्या कागदाच्या चौकटीतून पाहा, म्हणजे शेजारचे रंग झाकले जातील. मग तिच्या बाजूला निव्वळ राखाडी शेड धरा. आतापर्यंत ‘राखाडीच तर आहे’ वाटणारी शेड लगेच गुलाबी, निळी किंवा मातकट असल्याचं उघड होईल. हे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली करू नका. कार्ड घेऊन फुटपाथवर या, सावलीत उभे राहा.

शेडकार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बऱ्याचदा एलआरव्ही दिलेला असतो. ही शेड किती उजेड परत फेकते याचं हे माप, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. मध्यम मंद मॉव्ह २८-३०च्या आसपास असतो, फिका ५०च्या पुढे. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये चारही भिंतींना ३०चा रंग लावला तर दुपारी दिवा लावावा लागेल. तिथे ५५-६०च्या वर राहा, किंवा गडद शेड एकाच भिंतीला ठेवा.

पायरी ४: नमुना फिरवा

थेट भिंतीवर एक ठिपका मारून निर्णय घेऊ नका. जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग खोटा दिसतो. दोन फूट बाय दोन फुटांचा पांढरा पुठ्ठा घ्या, त्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. ओला इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे ओल्यावर मत बनवू नका.

मग तो पुठ्ठा खोलीत फिरवा. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिवे लावून. खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर, कोपऱ्यात. खाली फरशीला टेकवून ठेवा. त्यासमोर पायरी २मधले तुकडे धरा. दोन दिवस पुरेत. घरातल्या सगळ्यांना विचारू नका, एक-दोघांना विचारा. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक पुठ्ठ्याला ‘बरा आहे’ म्हटलं होतं. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

एक नियम लक्षात ठेवा. भरपूर उजेडाच्या खोलीत मोठ्या भिंतीवर रंग कार्डापेक्षा जास्त रंगीत वाटतो. त्यामुळे कार्डावर किंचित मळकट वाटणारी शेड भिंतीवर बरोबर बसते. अंधाऱ्या खोलीत हे उलटं होतं. तिथे कार्डावर थोडी जास्त गुलाबी वाटणारी शेड घ्या.

घरच्या घरी शेड बनवून पाहायची असेल तर पांढऱ्या इमल्शनमध्ये जांभळ्या स्टेनरचे, म्हणजे बाटलीतल्या दाट रंगाचे, थेंब घालत जा. एवढ्याने मिळतो तो लहान मुलांच्या खोलीतला गोड फिका जांभळा. त्याला मुरवायचं तर यलो ऑक्साइडचे, म्हणजे पिवळ्या मातीच्या स्टेनरचे एक-दोन थेंब टाका. पिवळा हा जांभळ्याचा विरोधी, तो त्याचा तोरा उतरवतो. काळ्या स्टेनरने मंद होतो तो रंग मेल्यासारखा होतो, पिवळ्याने होतो तो मुरलेला दिसतो. थेंब मोजून लिहून ठेवा. मात्र पूर्ण खोलीचा रंग असा हाताने बनवू नका. दुसऱ्या बादलीत तीच शेड कधीच उतरत नाही, आणि स्टेनर जास्त झाला तर भिंतीला हात लावल्यावर रंग हाताला येतो.

पायरी ५: किती आणि कुठे

साठ-तीस-दहाचं प्रमाण सगळीकडे सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के उठावाचा. सुरुवातीला धरून चालायला ठीक आहे. पण मॉव्हबाबत माझा अनुभव असा, की तो तीसच्या जागी सगळ्यांत सुखी असतो. चारही भिंती, पडदे, चादर सगळंच मॉव्ह केलं की खोली धुक्यात बुडाल्यासारखी होते.

छत शुभ्र पांढरं ठेवू नका, निळसर पांढऱ्याखाली मॉव्ह घाणेरडा दिसतो. दुधी पांढरा घ्या. चौकटी आणि स्कर्टिंगही त्याच दुधी रंगाचे.

सोबतीला कोण? शेवाळी हिरवा सगळ्यांत आधी. मग मोहरीचा पिवळा, पण चमच्याने, पळीने नाही. एखादी उशी, एखादा लॅम्पशेड. पितळेचा तर या रंगाशी जुना घरोबा असल्यासारखं वाटतं. समई, पितळी डबे, कपाटाच्या मुठी, काहीही. तांबंही चालतं, फक्त आमसुली मॉव्हसोबत ते हरवतं. स्टीलला आणि क्रोमला हा रंग निळसर थंड दाखवतो, त्यामुळे स्वयंपाकघरात वापरायचा तर भिंत लाल कलाची घ्या. काळा ग्रॅनाइटचा ओटा आणि मॉव्ह यांचं मस्त जमतं.

गडद निळा, राणी रंग आणि चंदेरी हे तीन मी टाळते. राणी शेजारी आला की मॉव्ह धुऊन गेल्यासारखा दिसतो.

ज्यांची अजून हिंमत होत नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त परीक्षा आहे. गणपतीत मखरामागे मॉव्ह कापडाचा पडदा लावा. त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या की केशरी-पिवळा असा उसळून येतो की पाहुणे आधी सजावटीकडे बघतात. आठवडाभर तो रंग घरात वावरतो, आणि आपलं त्याच्याशी जमेल का हे कळतं.

पायरी ६: रंगकाम

दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच रंग हवा असतो आणि भिंती अजून पावसाचं पाणी प्यायलेल्या असतात. फिक्या पिवळ्यावर ओलीचा डाग काही महिने लपतो, मॉव्हवर पहिल्याच आठवड्यात पांढरी फुली येते. ती भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची. ओल असेल तर आधी गळती शोधा, प्लास्टर सुकू द्या. नवीन प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस थांबा, कारण ओल्या सिमेंटचा अल्कधर्मी गुण काही रंगद्रव्यांना बिघडवतो. प्रायमर वगळू नका.

घासकाम, पुट्टी, पुन्हा घासकाम, प्रायमर, मग दोन हात. हा क्रम तुमच्या रंगाऱ्याला माहीत असतो. तुम्ही बघायचं ते एवढंच, की पुट्टी घासल्यावर बॅटरीचा उजेड भिंतीला चिकटवून तिरपा टाकावा आणि खड्डे तपासावेत. मंद रंगावर सावल्या जास्त दिसतात.

फिनिश मॅट घ्या, पण धुता येणारं. ग्लॉसवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि मॉव्ह प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसतो. लहान मुलं असतील किंवा भिंतीला डोकं टेकून बसायची जागा असेल तर हलकी झाक असलेलं सॅटिन चालेल.

हिशोब: बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो. म्हणजे एका भिंतीला काठावरचा एक लिटर. मी नेहमी थोडा जास्त घेते, कारण मशीनवर बनवलेली मॉव्ह शेड दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवली तर सूक्ष्म फरक पडू शकतो, आणि या रंगात तो फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. एकाहून जास्त डबे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच वापरायला सांगा. रंगारी कुरकुर करेल, करू दे. मधेच जेवायला जायचं असेल तर भिंत कोपऱ्यापर्यंत पूर्ण करूनच जावं, नाहीतर जोड दिसतो.

पायरी ७: कापड

भिंतीला हात लावायचा नसेल तर फक्त कापडाने काम होतं. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग. मॉव्ह कापडात पोत हवा: लिनन, खादी, जाड सुती, मखमल. गुळगुळीत पॉलिस्टर सॅटिनमध्ये हा रंग हॉटेलच्या बँक्वेट हॉलची आठवण करून देतो. मॉव्ह उशांमध्ये एखादी खणाच्या कापडाची, शेवाळी किंवा वांगी रंगाची उशी टाका. जुन्या साड्यांची गोधडी असेल तर तिच्यात नक्की कुठेतरी विटलेलं जांभळं ठिगळ सापडेल. ते धरून पलंगाची चादर निवडा.

पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या. चुण्या पडल्या की एकाच कापडात तीन-चार छटा दिसतात आणि मॉव्हची खरी मजा तिथेच आहे. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच. जांभळे रंग उन्हात लवकर उतरतात, आणि तेही सारखे नाही, चुणीच्या बाहेरच्या कडेवर आधी. वर्षभरात उभे पट्टे दिसू लागतात.

धुताना पांढऱ्या कपड्यांसाठीच्या ‘चमक’ देणाऱ्या पावडरी वापरू नका. त्यांतले घटक कापडावर निळसर झाक सोडतात, आणि अंजिरी मॉव्हचा कारवी होतो. नीळ तर नकोच. आणि मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो ही समजूत सोडून द्या. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडाला ते काही करत नाही. थंड पाणी, उलटं करून सावलीत वाळवणं, एवढंच हातात असतं.

पायरी ८: पत्रिका, पोस्टर, स्क्रीन

लग्नपत्रिकेत मॉव्ह मागणारे हल्ली खूप. मोबाइलवर सुंदर दिसलेली पत्रिका छापून आली की निळी किंवा तपकिरी, आणि मग छापखान्यावर राग. राग काढण्याआधी छपाईतली अडचण समजून घ्या. चार शाईंच्या छपाईत मॉव्ह बनतो तो निळी, किरमिजी आणि पिवळी अशा तिन्ही शाया थोड्या-थोड्या एकत्र येऊन. यांतली एक जरी मशीनवर किंचित कमी-जास्त झाली की रंग सरकतो. दोन उपाय आहेत. निळ्यापेक्षा किरमिजी स्पष्टपणे जास्त ठेवा, नाहीतर छापताना तो निळाच होतो. आणि मंदपणा पिवळ्या-निळ्यातून आणण्याऐवजी शक्य तितका काळ्या शाईतून आणा, म्हणजे सरकायला जागा कमी उरते. प्रती जास्त असतील आणि खर्च झेपत असेल तर त्या शेडची वेगळी खास शाई बनवून घ्या, मग हा प्रश्नच राहत नाही.

कागद आधी ठरवा. आयव्हरी कागदावर मॉव्ह आमसुली होतो, खडबडीत हातकागदावर शाई पसरून गडद होतो. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर प्रूफ मागा.

देवनागरीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. मॉव्ह पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं ठेवली तर रफार, अनुस्वार, उकार यांच्यात शाई भरते आणि ‘शुभविवाह’चा उकार गायब होतो. अशी उलटी अक्षरं जाड ठशात आणि मोठी ठेवा. बारीक मजकूर तीन शायांच्या मॉव्हमध्ये छापू नका, कडा धूसर येतात. पत्ता आणि मुहूर्ताची वेळ सरळ एका गडद शाईत छापा. सोनेरी फॉइल या रंगावर खुलतं, पण तेही शीर्षकापुरतंच ठेवा.

स्क्रीनसाठी काही आकडे देते, इथून सुरुवात करून पुढे आपल्या मनाने सरकवा. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी सांगतात. मध्यम मंद मॉव्ह: लाल १६३, हिरवा १३७, निळा १५३. यावर पांढरी अक्षरं ठेवली तर दोन्हींतलं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे उजळपणातल्या फरकाचं माप, जेमतेम ३.२ भरतं. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या ठळक अक्षरांना ३ चालतं. म्हणजे बटणावर पांढरी अक्षरं हवी असतील तर गडद व्हा: १२५, ९८, ११५ घेतलं तर ते ५.४च्या आसपास जातं. पार्श्वभूमीला २३२, २२२, २२८ असा अगदी फिका मॉव्ह आणि त्यावर ७४, ४८, ६६ या गडद वांगी रंगाची अक्षरं ठेवा, गुणोत्तर ९च्या जवळ जातं आणि आजीलाही वाचता येतं. मधला मॉव्ह आणि गडद वांगी एकमेकांवर ठेवायचा मोह होतो, पण तिथे गुणोत्तर ३.७च भरतं. शीर्षकाला चालेल, परिच्छेदाला नाही.

स्क्रीन पिवळट करणारा फोनचा ‘नाइट मोड’ बंद करून रंग तपासा. तो सुरू असताना मी एकदा अख्खं माहितीपत्रक मंजूर केलं होतं.

काम झाल्यावर

उरलेला रंग डब्यात ठेवला की झाकण गंजतं आणि रंगात गंजाचे कण पडतात. जॅमच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, वर तारीख आणि खोलीचं नाव लिहा. डब्यावरच्या मशीनच्या स्टिकरचा फोटो काढा आणि शेडचा कोड, कंपनीचं उत्पादन, फिनिश हे सगळं त्या खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. माझ्या कपाटात दोन कोड आहेत. वरच्यावर काट मारली आहे आणि बाजूला ‘ओलं प्लास्टर’ असं लिहिलं आहे.